‘भारत इतिहास’ कीं ‘भारतेतिहास’? : नियतकालिकांच्या नांवांच्या लेखनाचा विचार

इतिहासविषयक लेखाखालील तळटीप सामान्य वाचक वगळून पुढें जातो, आणि त्याबद्दल त्यास कोणी दोष देऊं नये. परंतु मूळ कागद ज्यास स्वतः पाहावयाचा आहे त्याच्या दृष्टीनें लेखापेक्षां तळटीपच अधिक मोलाची असते. त्या तळटिपेंत ज्या नियतकालिकाचा निर्देश असतो त्याचें नांव एका लेखांत एका प्रकारें, दुसऱ्यांत दुसऱ्या प्रकारें, आणि कधीं कधीं एकाच लेखाच्या दोन पृष्ठांवर दोन प्रकारांनीं लिहिलेलें आढळतें. हा दोष दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, हें दाखवावें व त्यावर कांहीं निश्चित धोरण सुचवावें, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचें त्रैमासिक घेतों. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कोणासही त्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि नांवाच्या लेखनाचे जितके घोटाळे संभवतात तितके बहुतेक सर्व या एका नांवांत एकत्र सांपडतात.

आरंभीं आमचाच अपराध सांगितला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका ग्रंथसंग्रहालयांतील नियतकालिकांची सूची करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. आम्ही तेव्हां शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. ‘भारत’ आणि ‘इतिहास’ हे दोन शब्द लागोपाठ, एका समासांत, आणि तेही संधीवांचून, हें पाहून आमच्यांतला शिक्षक जागा झाला. अकारापुढें इकार आला म्हणजे दोहोंच्या ठिकाणीं एकार होतो, हा नियम आठवीच्या मुलासही ठाऊक असतो. शिवाय वाक्यांत संधि करणें न करणें हें बोलणाराच्या इच्छेवर असलें तरी समासांत तो नित्य आहे, असें वैयाकरणांचें स्पष्ट सांगणें आहे. तेव्हां आम्हीं कार्डावर ठळक व वळणदार अक्षरांत ‘भारतेतिहाससंशोधकमण्डलत्रैमासिक’ असें लिहिलें आणि एक अशुद्ध नांव शुद्ध केल्याच्या समाधानांत घरीं गेलों.

याचा परिणाम काय झाला तो वर्णक्रम जाणणाराच्या ध्यानांत तत्काळ येईल. ‘भारत’ या शब्दानें आरंभ होणारीं कार्डें जेथें होतीं तेथून हें कार्ड निघालें, आणि ‘भारतीय’ या शब्दानें आरंभ होणारीं झाडून सारीं नांवें ओलांडून त्यांच्या पाठीमागें जाऊन पडलें. कारण ‘ती’ नंतर ‘ते’. ‘भारतीय’चीं कार्डें थोडींथोडकीं नव्हतीं, त्यांनीं जवळ जवळ एक खण व्यापला होता. पुढें कांहीं महिन्यांनीं एक वृद्ध गृहस्थ दूरच्या गांवाहून आले. त्यांच्या घराण्याच्या वतनासंबंधींचा एक महजर मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेल्याचें त्यांनीं कोठेंसें वाचलें होतें, व नांव, वर्ष, अंक हें सर्व एका चिठ्ठीवर नीट उतरून आणलें होतें. चिठ्ठींतील नांव बरोबर होतें. कारकुनानें ‘भारत’ पाहिलें, ‘इतिहास’ पाहिलें, ‘त्रैमासिक’ही पाहिलें, आणि हें नियतकालिक येथें नाहीं असें सांगितलें. त्या त्रैमासिकाचे बांधीव खंड तेथून दहा हातांवरच्या कपाटांत उभे होते. ही हकीकत आम्हांस आठवड्यानें कळली. गृहस्थ आपला पत्ता ठेवून गेले नव्हते, आणि ते पुन्हा आलेही नाहींत.

त्या दिवसापासून या प्रश्नाचा आम्ही विचार करीत आलों आहों.

मंडळाची स्थापना पुण्यास ७ जुलै १९१० रोजीं वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या पुढाकारानें झाली. आरंभींच्या वर्षांत मंडळाचें कार्य वार्षिक इतिवृत्तांच्या रूपानें प्रसिद्ध होत असे, त्रैमासिक हें त्यानंतरचें. आतां, हें नांव ठेवणारांस संधि ठाऊक नव्हता असें म्हणण्याचें धाडस कोण करील? राजवाडे यांनीं मंडळाच्या स्थापनेच्या सुमारासच ज्ञानेश्वरींतील मराठी भाषेचें व्याकरण लिहिलें आहे. पाणिनीशींही वाद घालावयास न कचरणारा हा पुरुष. बरें, संधि केलेलें नांव त्या काळच्या वाचकास अपरिचित होतें असेंही नाहीं. का. ना. साने व ज. बा. मोडक यांनीं १८७८ मध्यें जें मासिक काढलें त्याचें नांव ‘काव्येतिहाससंग्रह’. तेथें काव्य आणि इतिहास यांचा संधि यथाशास्त्र झालेला आहे. म्हणजे बत्तीस वर्षांच्या अंतरानें, एकाच पुण्यांत, एकाच कार्यासाठीं, एकानें संधि केला व दुसऱ्यानें केला नाहीं. पहिलें नांव मोडून कोणी ‘काव्य इतिहास संग्रह’ लिहील तर तो जितका चुकेल, तितकेच आम्ही ‘भारतेतिहास’ लिहितांना चुकलों.

मराठी जोडशब्दांची रीत संस्कृत समासाहून स्वतंत्र आहे हें येथें विसरतां कामा नये. मराठी मनुष्य ‘गणेशोत्सव’ म्हणतो, आणि तोच ‘बालउद्यान’ही म्हणतो, त्याच्या जिभेस जें सुखावतें तें तो ठेवतो. परंतु आमच्या मतें हा मुद्दाही गौण आहे. महाभाष्यांत शब्दांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत यदृच्छाशब्द म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे ठेवणारानें आपल्या इच्छेनें ठेवलेलें नांव. संस्थेचें व नियतकालिकाचें नांव या सदरांत येतें. त्याची व्युत्पत्ति खुशाल सांगावी, त्यांतील शब्दांवर टीका करावी. पण तें उतरून घेतांना त्यांतलें अक्षर बदलण्याचा अधिकार उतरून घेणारास नाहीं. पोथींतील पाठ आपल्या व्याकरणास जुळत नाहीं म्हणून जो लेखक तो बदलून लिहितो, त्यास आपण सर्व संशोधक दोष देतों. मग तळटिपेंत तेंच आपण कां करावें?

संधीचा प्रश्न याप्रमाणें सुटला तर ‘मंडळ’ शब्दाचा आपोआप सुटतो. संस्कृतांत ‘मण्डल’, मराठींत ‘मंडळ’. ळकार हा अशिष्ट वर्ण आहे अशी समजूत आमच्या कांहीं संस्कृतज्ञ मित्रांची असते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत ळकार आहे याची त्यांस आठवण दिली म्हणजे ते हंसतात, आणि पुन्हा ‘मण्डल’च लिहितात.

याहून अधिक घातक घोटाळा ‘संशोधक’ व ‘संशोधन’ या दोन शब्दांचा. पुण्याचें तें संशोधक मंडळ. धुळ्यास राजवाडे यांच्या नांवानें जें आहे तें संशोधन मंडळ. नागपूरचें विदर्भ संशोधन मंडळ व मुंबईचें मराठी संशोधन मंडळ हींही ‘संशोधन’च. म्हणजे पुण्याच्या मंडळानें कर्तृवाचक शब्द घेतला, इतरांनीं भाववाचक. एकाचा अर्थ संशोधन करणारांचें मंडळ, दुसऱ्याचा संशोधनाकरितां मंडळ. आम्हांस स्वतःला पहिला अर्थ अधिक आवडतो, कारण त्यांत कार्यापूर्वीं माणसें येतात. पण ही आवडनिवड झाली. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं धुळ्याच्या संशोधन मंडळाच्या नियतकालिकाचें नांव ‘संशोधक’ असें आहे! तेव्हां एखाद्या टिपेंत केवळ ‘संशोधक, अमुक वर्ष, अमुक अंक’ असें असलें तर तें धुळ्याचें नियतकालिक कीं पुण्याच्या मंडळाच्या नांवाचा घाईनें केलेला संक्षेप, हें मागाहून कोणी सांगूं शकत नाहीं. एका अक्षरानें वाचक पुण्याहून धुळ्यास जातो. नुसतें ‘त्रैमासिक’ असें लिहिणारांविषयीं तर बोलावयासच नको. लिहिणाराच्या मनांत जगांत एकच त्रैमासिक असतें.

रोमन लिपींत हें नांव गेलें म्हणजे आणखी निराळीच तऱ्हा होते. ‘संशोधक’ यांतील अनुस्वारासाठीं कोणी ‘एन्’ लिहितो, कोणी ‘एम्’; ‘भारत’ व ‘इतिहास’ यांच्या अंतीं कोणी ‘ए’ जोडतो, कोणी जोडीत नाहीं. या दोनच विकल्पांनीं एका नांवाचीं चार नांवें होतात, आणि चारही छापलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. यांत बरोबर कोणतें? शास्त्र असें कीं अनुस्वारापुढें स्पर्शवर्ण आला तर त्याच्या वर्गाचें अनुनासिक येतें, म्हणून ‘मंडळ’ यांत णकार आहे हें निर्विवाद. परंतु शकारापुढें असें होत नाहीं, तेथें अनुस्वार हा अनुस्वारच राहतो. म्हणजे ‘संशोधक’ शब्दांत नकारही नाहीं आणि मकारही नाहीं. मराठी उच्चार ऐकाल तर ‘सं’ नंतर सानुनासिक वकारासारखा कांहीं ध्वनि कानीं पडतो, आणि त्यास रोमन लिपींत मुळींच अक्षर नाहीं. यास्तव बिंदुयुक्त ‘एम्’ हीच एक निर्दोष खूण. १८९४ मध्यें जिनीव्हा येथें भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेनंतर संस्कृतासाठीं जी लिप्यंतरपद्धति रूढ झाली तींत हा बिंदु अक्षराखालीं असतो, आणि २००१ सालच्या १५९१९ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तो अक्षराच्या वर असतो. या दुसऱ्या पद्धतीनें ‘ळ’ची सोय चांगली झाली आहे, पहिलींत ‘ळ’ व ऌकार यांस एकच चिन्ह पडण्याचा संभव होता. दोहोंपैकीं कोणतीही घ्यावी, पण एका लेखांत दोन घेऊं नयेत. ज्यांस बिंदु छापणें शक्य नाहीं त्यांनीं निदान नांव एकदां देवनागरींत द्यावें, म्हणजे पुढचा वाचक आपला मार्ग शोधील. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं १८६७ मध्यें सुरू केलेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ची रोमन लिपींत याहूनही अधिक दुर्दशा झाली आहे. ‘ज्ञ’ साठीं कोणी ‘डी-एन्’, कोणी ‘जे-एन्’, कोणी उत्तरेकडील उच्चारानें ‘जी-वाय्’ लिहितो, आणि नांवाचे तुकडे एक, दोन किंवा तीन, जसे सुचतील तसे.

इंग्रजी नियतकालिकांत असा गोंधळ नसतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. फरक एवढाच कीं तेथें त्याचा विचार पूर्वींच झाला. विल्यम जोन्स यांनीं १७८४ मध्यें कलकत्त्यास स्थापिलेल्या सोसायटीच्या नांवांतील ‘एशियाटिक’ शब्दाच्या शेवटीं त्या काळच्या रीतीप्रमाणें ‘के’ हें एक अक्षर अधिक होतें. १७८८ पासून निघालेल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या नांवांतही तें होतें. १८२५ च्या सुमारास सोसायटीनें तें अक्षर गाळलें. आज काळजीपूर्वक लिहिणारा ग्रंथकार जोन्सच्या लेखाचा निर्देश करतांना तें अक्षर ठेवतो, आपल्या काळांतील शुद्धलेखन मागच्या काळावर लादीत नाहीं.

आमच्या मुंबईचें उदाहरण याहूनही बोधक आहे. १८०४ मध्यें तेथें लिटररी सोसायटी निघाली व तिनें आपल्या निबंधांचे तीन खंड प्रसिद्ध केले. पुढें १८३० मध्यें ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. १८४१ पासून तिचें जर्नल निघूं लागलें तें त्या शाखेच्या नांवानें. १९५४ मध्यें ती बॉम्बेची एशियाटिक सोसायटी झाली, आणि २००२ मध्यें मुंबईची. संस्था एक, नांवें चार. आतां डॉ. भाऊ दाजी लाड यांचा लेख उद्धृत करतांना कोणी ‘मुंबई एशियाटिक सोसायटीचें जर्नल’ असें लिहिलें, तर १८७४ मध्यें निवर्तलेल्या त्या विद्वानाचा लेख २००२ सालीं ठेवलेल्या नांवाखालीं जातो. वाचक त्या नांवाचे खंड शोधतो, व त्यांत भाऊ दाजी सांपडत नाहींत. शिवाय या जर्नलची १९२५ मध्यें नवी माला सुरू होऊन खंडांक पुन्हा एकापासून मोजले गेले. तेव्हां केवळ ‘खंड १’ म्हटल्यानें चौऱ्याऐंशी वर्षांच्या अंतराचे दोन ग्रंथ सूचित होतात. नांवाबरोबर माला व सालही दिलें पाहिजे तें यासाठीं.

यावरून आमचें पहिलें म्हणणें असें कीं ज्या अंकांतून उतारा घेतला त्या अंकावर त्या वेळीं जें नांव होतें तेंच, त्याच अक्षरांनीं लिहावें. संस्थेनें नंतर नांव बदललें असलें तर सूचींत दोन्ही नांवें देऊन एकावरून दुसऱ्याकडे वाट दाखवावी. अनुस्वारांचेंही तसेंच. राजवाडे यांचीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ जुन्या आवृत्तींत दोन अनुस्वारांनिशीं आहेत. शासनमान्य लेखननियम १९६२ मध्यें आले व न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून जुन्या खंडांचा निर्देश करतांना ते पुसून टाकण्याचें कारण नाहीं. आम्ही स्वतः लिहितांना जुनें वळण सोडीत नाहीं हा आमचा हट्ट आहे, आणि तो आमच्यापुरता आहे. नव्या पुस्तकाच्या नांवावर आम्ही अनुस्वार चढवीत नाहीं, तसेंच जुन्यावरचे कोणी उतरवूं नयेत.

अक्षरांविषयीं आम्ही असे कडक असलों तरी शब्दांमधील अंतराविषयीं तितके कडक राहणें शक्य नाहीं. याचें कारण मुखपृष्ठांच्या रचनेंत आहे. छापखान्यांत नांव मोठ्या टाइपांत मधोमध जुळवितात. एका ओळींत मावलें नाहीं तर दोन ओळी, तीन ओळी करतात. ‘भारत इतिहास’ वर, ‘संशोधक मंडळ’ खालीं, त्याखालीं ‘त्रैमासिक’, अशी मांडणी असली तर त्यावरून नांव देणाराच्या मनांत शब्द तोडून होते कीं जोडून, याचा निर्णय कसा करावा? जुळाऱ्याच्या सोयीस शास्त्राधार समजणें बरें नव्हे. मधल्या आडव्या रेघा तर बहुधा इंग्रजीच्या अनुकरणानें आलेल्या आहेत. तेव्हां अक्षर हा पुरावा, अंतर ही सोय, असा भेद आम्हीं केला आहे. अंतराचा नियम प्रत्येक नियतकालिकानें आपल्यापुरता एकदां ठरवावा आणि मग पाळावा. आमची शिफारस अशी कीं जेथें संधि झालेला नाहीं व शब्द स्वतंत्रपणें ओळखतां येतात तेथें ते सुटे लिहावेत, म्हणजे ‘भारत इतिहास संशोधक मंडळ त्रैमासिक’. आणि ‘काव्येतिहाससंग्रह’, ‘विविधज्ञानविस्तार’ यांसारखीं जीं नांवें एक शब्द म्हणून रूढ झालीं आहेत तीं जोडून. हल्लीं शोध संगणकावर होतो, आणि त्या यंत्रास संधि सोडवितां येईलच असा भरंवसा नाहीं. ‘भारत’ म्हणून शोधणारास ‘भारतेतिहास’ तेथेंही न सांपडण्याची भीति आहे. आमच्या हातून कार्डांच्या खणांत जें झालें तें तेथें अधिक मोठ्या प्रमाणावर होऊं शकतें.

विभक्तीविषयीं थोडेंसें. वाक्यांत नांव आलें म्हणजे मराठी प्रत्यय लागणारच. ‘मंडळाच्या त्रैमासिकांत’, ‘विविधज्ञानविस्तारांत’ असें लिहिण्यास कोणाची हरकत असूं नये. परंतु तळटिपेंत व सूचींत नांव प्रथमेंतच असावें. ‘मंडळाचें त्रैमासिक’ असें तेथें लिहिलें म्हणजे ‘त्रैमासिक’ हें नांव कीं वर्णन, अशी शंका येते. या त्रैमासिकास संस्थेच्या नांवाहून वेगळें असें नांवच नाहीं. म्हणून संस्थेचें नांव आधीं व अविकृत, आणि ‘त्रैमासिक’ हा शब्द त्यास लागून, हाच क्रम ठेवावा. ‘भा. इ. सं. मं. त्रै.’ हा संक्षेप बराच रूढ आहे आणि वाईट नाहीं, मात्र लेखाच्या आरंभीं त्याचा एकदां उलगडा केलेला असावा. राजवाडे यांच्या साधनांस ‘म. इ. सा.’ असें कोणी म्हणतो, कोणी नुसतें ‘रा. खंड’, जाणत्यास दोन्ही कळतात, परंतु तळटीप जाणत्यासाठीं नसते.

आमचें तें कार्ड आम्हीं फाडून टाकलें नाहीं. नवें कार्ड ‘भारत इतिहास’ या ठिकाणीं लावलें, पारसनीसांच्या ‘भारतवर्षा’च्या अलीकडे, आणि जुन्यावर लाल शाईनें ‘भारत इतिहास संशोधक मंडळ त्रैमासिक पाहा’ असें लिहून तें ‘भारतीय’च्या मागें होतें तेथेंच राहूं दिलें, कारण आमच्यासारखा दुसरा कोणी संस्कृतज्ञ तेथें शोधावयास येणारच नाहीं असें नाहीं.

एक अडचण मात्र उरते, आणि ती आमच्या एकट्याच्यानें दूर होण्यासारखी नाहीं. जुन्या नियतकालिकांचे अंक बांधतांना बांधणारे मुखपृष्ठें काढून टाकीत. त्यामुळें बांधीव खंडांत पुष्कळदां केवळ पृष्ठाच्या माथ्यावरील लहान टाइपांतलें नांव राहतें, व जागेच्या अभावीं तें बहुधा तोडलेलें असतें. ‘काव्येतिहाससंग्रह’, ‘विविधज्ञानविस्तार’, ‘भारतवर्ष’ व ‘इतिहाससंग्रह’ यांच्या आरंभींच्या वर्षांचे सुटे अंक ज्यांच्या घरीं मूळ मुखपृष्ठांसह शाबूत असतील, त्यांनीं मुखपृष्ठाचें छायाचित्र वर्ष व अंक घालून या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावें, अशी विनंति आहे. अंक पाठवूं नयेत, ते आपल्याच घरीं जपून ठेवावेत.